कीटो आहारातला बदाम : मोजून की तोलून?



'डाएट' म्हटलं की आपल्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर आधी जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था येते. पण हल्ली मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये हा शब्द निघतो तो वेगळ्याच अर्थाने. कुणी पोळी सोडलेली असते, कुणी भात. डब्यात पनीर, उकडलेली अंडी, काकडी आणि एका छोट्या डबीत बदाम. मग प्रश्न ठरलेला : "कीटोमध्ये बदाम चालतात ना?" आणि उत्तरही ठरलेलं : "चालतात की! कितीही खा."

या उत्तराचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. आजचा पाठ दुसऱ्या अर्ध्या भागावर आहे. आणि तो फक्त वजन कमी करायला निघालेल्या मोठ्यांसाठी नाही, बरं का. आपल्या वर्गात एखादं मूल असं असू शकतं, ज्याच्या डब्यातला बदाम त्याच्या आईने सकाळी काट्यावर तोलून ठेवलेला असतो. त्या मुलासाठी कीटो म्हणजे उपचार असतो. त्या मुलापर्यंत आपण येणारच आहोत, पण आधी पाया पक्का करून घेऊ.

कीटो म्हणजे नेमकं काय?

परिसर अभ्यासात आपण मुलांना शिकवतो की कर्बोदकांपासून शरीराला ऊर्जा मिळते. पोळी, भात, भाकरी, बटाटा, साखर, फळं या सगळ्यांतली कर्बोदकं पचून त्यांची ग्लुकोज होते आणि तिच्यावर शरीराचा गाडा चालतो. ही कर्बोदकं अगदी कमी केली आणि त्यांच्या जागी तूप, तेल, लोणी, खोबरं असे स्निग्ध पदार्थ वाढवले, तर काही दिवसांत यकृत चरबीपासून 'किटोन' नावाचे पदार्थ तयार करू लागतं. मग मेंदूसुद्धा आपली बरीचशी गरज या किटोनवर भागवतो. या अवस्थेवरूनच आहाराला कीटोजेनिक हे नाव पडलं.

यासाठी मोठ्या माणसाला दिवसाची कर्बोदकं साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवावी लागतात. आपल्या ताटात याचा अर्थ काय होतो पाहा. मध्यम आकाराच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं असतात. शिजलेल्या भाताच्या एका मोठ्या वाटीत ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वरण-भात आणि एक पोळी झाली की दिवसाचा सगळा कोटा संपला! म्हणूनच आपल्याकडे कीटो सुरू करणारा माणूस सर्वात आधी धान्य सोडतो आणि दुपारी चारच्या भुकेला त्याचा हात बदामाच्या डबीकडे जातो. पोहे नाहीत, बिस्किट नाही, केळं नाही, मग उरतं काय?

बदामाचा हिशोब

आता पाटी-पेन्सिल घ्या. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम बदामात साधारण ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २१ ग्रॅम प्रथिनं आणि साडेएकवीस ग्रॅम कर्बोदकं असतात. एकवीस म्हटल्यावर दचकायला होतं. पण त्यातले साडेबारा ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात, ते पचून त्यांची ग्लुकोज होत नाही. ते वजा केले की राहिले ९ ग्रॅम. कीटोवाले यालाच 'नेट कार्ब' म्हणतात.

इथे एक सूचना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांत कर्बोदकांच्या आकड्यातून तंतू आधीच वजा केलेले आहेत. तो आकडा घेऊन त्यातून पुन्हा तंतू वजा केले, तर उत्तर शून्याच्या खाली जाईल. कोणताही तक्ता वापरताना आधी हे पाहून घ्यावं. पाकिटावरच्या छापील माहितीलाही हेच लागू. वजाबाकी एकदाच करायची!

एक बदाम सरासरी १.२ ग्रॅमचा. म्हणजे दहा बदाम १२ ग्रॅम झाले. त्यांत नेट कार्ब जेमतेम १ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ६ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ७० किलोकॅलरी. उत्तम! दहा बदामांवर कुणाचाच कीटो मोडत नाही. खेरीज ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम मिळतं ते वेगळंच.

अडचण अशी की दहा बदामांवर कुणी थांबत नाही. मोबाईल बघत बघत पन्नास बदाम सहज पोटात जातात. पन्नास बदाम म्हणजे ६० ग्रॅम. कर्बोदकं साडेपाच ग्रॅम होतात, तीही चालून जातील, पण ऊर्जा झाली साडेतीनशे किलोकॅलरी. वजन कमी करायचं म्हणून पोळी सोडली आणि तीन-चार पोळ्यांइतकी ऊर्जा बदामातून परत घेतली, असा हा व्यवहार होतो. "मी तर काहीच खात नाही, तरी काटा हलत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा आपली डबी तोलून बघावी.

याला एक छोटी सूट आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की अख्खे बदाम खाल्ले तर त्यांतली सगळी ऊर्जा शरीराला मिळत नाही, जवळपास चौथा हिस्सा तशीच बाहेर पडते. बदामाच्या पेशींच्या भिंती चिवट असतात. आपण कितीही चावलं तरी काही पेशी फुटत नाहीत आणि आतलं तेल आतच राहतं. बदाम वाटून त्याचं लोणी केलं की मात्र ही सूट गेली, कारण पेशी यंत्रानेच फोडलेल्या असतात. बदामाच्या पिठाच्या 'कीटो पोळ्या' करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अशी एक पोळी करायला पंचवीस-तीस बदाम लागतात, आणि पोळी काही कुणी एक खाऊन उठत नाही.

बदामाच्या नावावर विकलं जाणारं सगळंच बदाम नसतं, हेही सांगायला हवं. बाजारातल्या बदाम शेकच्या पावडरीत पहिला घटक बहुतेक वेळा साखर असते. बदाम कतली, बदामाचं सरबत, मधात घोळवलेले बदाम यांना कीटोत जागा नाही. मसाला बदामांवर कधी बेसनाचं तर कधी पिठीसाखरेचं आवरण असतं. साधे, बिनमिठाचे, कच्चे किंवा कोरडे भाजलेले बदाम, एवढंच आपलं.

बदामच का?

माझं स्वतःचं मत विचाराल तर बदामाला आपल्याकडे जरा जास्तच मान आहे. काजूत १०० ग्रॅममागे नेट कार्ब सुमारे २७ ग्रॅम असतात, म्हणून कीटोत काजू मागे पडतो, ते ठीक. पण शेंगदाण्यात? साडेसात-आठ ग्रॅम! म्हणजे बदामापेक्षाही थोडे कमी. प्रथिनं उलट जास्त, आणि किंमत कुठल्या कुठे. अक्रोडात ७ ग्रॅम. ओल्या नारळातही ६ ग्रॅमच्याच आसपास. ज्या घरात बदाम परवडत नाही त्या घरात 'आमच्याच्यानं असलं काही होणार नाही' असं म्हणून लोक गप्प बसतात, ते पाहून वाईट वाटतं. बदामावाचून या आहाराचं काही अडत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचा भाग ज्या पालकांसाठी आहे त्यांच्यापैकी अनेकांना हा खर्च महिनोन्महिने करावा लागतो.

हा आहार मुळात कुणासाठी होता?

कीटो हे समाजमाध्यमांवरचं नवं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हा आहार शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो जन्माला आला तो फिट येणाऱ्या रुग्णांसाठी, त्यातही लहान मुलांसाठी. उपास घडला की काही रुग्णांच्या आकड्या थांबतात, हे लोकांनी पूर्वीपासून पाहिलेलं होतं. पण मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की मूल उपाशी न ठेवताही शरीरात उपासासारखी अवस्था आणता येईल, फक्त आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदकं अगदी थोडी हवीत. 'कीटोजेनिक डाएट' हे नाव त्यांचंच.

पुढे १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं. गोळी देणं तोलून स्वयंपाक करण्यापेक्षा केव्हाही सोपं, त्यामुळे हा आहार मागे पडला. १९९० च्या दशकात तो पुन्हा चर्चेत आला. हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या चार्ली नावाच्या लहानग्या मुलाच्या फिट कोणत्याच औषधाने थांबेनात, आणि शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या आहाराने थांबल्या. त्या वडिलांनी याचा प्रसार करण्यासाठी संस्था काढली, १९९७ मध्ये या विषयावर चित्रपटही केला.

पुरावा विचारायची सवय आपण मुलांना लावतो, तर इथेही विचारू. लंडनमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर आहार घेणाऱ्या गटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या. आहार न बदललेल्या गटात हे प्रमाण होतं ६ टक्के. सगळ्यांना गुण येत नाही हे यातून दिसतंच, पण ज्यांना आला त्यांच्या घरात काय फरक पडला असेल याचा विचार करा. आपल्याकडे मुंबईत डॉ. जनक नाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय जेवणात बसेल अशा कीटो आहाराचा मुलांवरचा अनुभव २००९ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये मांडला आहे. तेव्हा ही गोष्ट फक्त परदेशातली राहिलेली नाही.

चारास एक

या मुलांचा कीटो आणि स्टाफरूममधला कीटो यांत मोठा फरक आहे. मोठी माणसं 'कर्बोदकं कमी' एवढ्यावर भागवतात. मुलाला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ गुणोत्तर ठरवून देतात. सर्वात कडक गुणोत्तर चारास एक : प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ ४ ग्रॅम. काही मुलांना तीनास एक असतं, काहींना त्याहून सैल.

आता या गुणोत्तरात बदाम बसवून पाहू. १० ग्रॅम बदामात स्निग्ध ५ ग्रॅम, प्रथिनं २.१ ग्रॅम आणि नेट कार्ब ०.९ ग्रॅम. प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून झाले ३ ग्रॅम. चारास एक होण्यासाठी स्निग्ध पदार्थ हवेत १२ ग्रॅम, बदामात आहेत ५. म्हणजे ७ ग्रॅम कमी पडले! तेवढं तूप किंवा तेल त्या खाण्यात घालावंच लागतं. बदाम स्वतः पावणेदोनास एकपर्यंतही पोचत नाही. जो बदाम मोठ्यांच्या कीटोचा राजा, तोच या मुलाच्या ताटात तुपाच्या आधाराशिवाय उभा राहू शकत नाही.

याउलट आपलं घरगुती सुकं खोबरं घ्या. १०० ग्रॅममध्ये स्निग्ध साधारण ६४ ग्रॅम, प्रथिनं ७ आणि नेट कार्बही ७ च्या आसपास. गुणोत्तर चाराच्या वर जातं. शेजारच्या किराणा दुकानात मिळणारी खोबऱ्याची वाटी इथे बदामाला मागे टाकते. अर्थात मुलाच्या ताटात काय घालायचं हे आहारतज्ज्ञच ठरवणार, आपण फक्त गणित पाहिलं.

आणि म्हणूनच शीर्षकातला प्रश्न. स्टाफरूममध्ये बदाम मोजले तरी चालतात. 'रोज दहा' एवढं पुरतं. पण मुलासाठी बदाम तोलावे लागतात, कारण एक बदाम पाऊण ग्रॅमचा असतो तर दुसरा दीड ग्रॅमचा. मामरा बदामाचं वजन वेगळं, कॅलिफोर्नियाच्या बदामाचं वेगळं. त्यातून आपल्याकडे बदाम भिजवून, साल काढून द्यायची पद्धत. भिजलेला बदाम पाणी पितो आणि जड होतो. भिजवल्यावर तोललं तर काट्यावर पाण्याचंही वजन येतं, मुलाच्या पोटात ठरल्यापेक्षा कमी बदाम जातो आणि ताटाचं गुणोत्तर बदलतं. आधी कोरडा तोलायचा, मग भिजवायचा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना पालकांनी आवर्जून विचारावी. या आहारावरच्या काही मुलांना मूतखडे होतात, आणि बदामात ऑक्झलेट बरंच असतं. त्यामुळे पाणी किती प्यायचं आणि बदाम किती, हे दोन्ही प्रश्न सोबत विचारायचे.

मधल्या सुट्टीत काय होतं?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत दुसरीत अशी एक मुलगी होती. आईने पहिल्याच आठवड्यात येऊन कागद दिला. त्यावर तीन वाक्यं होती : हिला दुसऱ्याच्या डब्यातलं काही देऊ नका. हिच्या डब्यातलं काही उरलं तर टाकू नका, घरी पाठवा. बरं वाटत नसेल तर मला फोन करा.

दुसरं वाक्य वाचून आम्ही थोडे चक्रावलो होतो. उरलेलं अन्न कशाला परत हवं? आईने समजावलं तेव्हा उलगडा झाला. मुलीने बदाम खाल्ले आणि सोबतचं तुपातलं पनीर टाकलं, तर पोटात गेलेलं गुणोत्तर चारास एक राहत नाही. काय उरलं ते कळलं, तर पुढच्या जेवणाबद्दल आहारतज्ज्ञांना विचारता येतं. अर्धवट खाल्लेला डबा त्या घरात एखाद्या अहवालासारखा वाचला जात होता.

मुलीला भुकेचा त्रास नव्हता. स्निग्ध आहाराने पोट भरलेलं राहतं. तिला खुपायचं ते डब्यांची देवाणघेवाण बंद झाल्याचं. 'तुझी चटणी दे, माझा चिवडा घे' हा मधल्या सुट्टीचा खरा आनंद, आणि त्यात तिला हात पुढे करता येत नव्हता. आमच्या बाईंनी तिला पंगतीतून उठवून वेगळं बसवलं नाही. तिला सगळ्यांच्या मध्येच बसवलं आणि देवाणघेवाणीला जोडीला गोष्टींची चित्रकार्डं ठेवली. खाऊ ज्याने त्याने आपापला खायचा, कार्डं बदलायची. पंधरा दिवसांत कार्डांना चिवड्यापेक्षा भाव आला.

पोषण आहाराच्या शाळांत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. खिचडी समोर आल्यावर स्वयंपाकी ताईंनी मायेपोटी "थोडी तरी घे गं" म्हणणं स्वाभाविक आहे. म्हणून ही माहिती फक्त वर्गशिक्षकाला असून भागत नाही. ताई, मदतनीस, खेळाचे सर, रिक्षावाले काका या सगळ्यांना ती असायला हवी. वाढदिवसाच्या गोळ्या हा तर रोजचाच सापळा. एका चॉकलेटमध्येसुद्धा त्या मुलाच्या अख्ख्या दिवसाची कर्बोदकं असू शकतात. खोकल्याच्या गोड औषधातही साखर असते, तेव्हा शाळेच्या प्रथमोपचार पेटीतलं सिरप पालकांना विचारल्याशिवाय देऊ नये.

वर्गात फिट आलीच तर मुलाला एका कुशीवर वळवा, आजूबाजूची बाकं सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, साखर काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना.

पालकांसाठी थोडं रोखठोक

आठवीतली मुलगी "मला पण मम्मीसारखं कीटो करायचंय" म्हणते तेव्हा कौतुक करू नका. वाढीच्या वयात केवळ बारीक होण्यासाठी धान्य, डाळी आणि फळं तोडणं योग्य नाही. ज्या मुलांना हा आहार दिला जातो त्यांच्या रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या ठरावीक काळाने होतात, उंची-वजन बघितलं जातं, जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. घरच्या घरी व्हिडिओ बघून यातलं काहीच होत नाही. मोठ्यांमध्येही ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पोळी-भात तोडू नये. साखर एकदम खाली येऊ शकते, आणि काही गोळ्यांसोबत किटोन धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतात.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा बदाम कीटोत नाही आणि एरवीही नाही. घशात अडकतो. पूड करून किंवा वाटून द्यावा. चवीला कडू लागलेला बदाम थुंकून टाकायला मुलांना शिकवा, कडू बदामात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

वर्गात करून बघण्यासारखं

चौथी-पाचवीला वजन हा घटक शिकवताना हा उपक्रम घेता येतो. काटा स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालेल. बदाम नसतील तर शेंगदाणे किंवा हरभरे घ्या. आधी वर्गात कुणाला दाण्यांची ॲलर्जी नाही ना, ते विचारा. हे दाणे खायचे नाहीत, असंही सुरुवातीलाच सांगा.

वीस दाणे मोजून तोला आणि सरासरी काढायला सांगा. मग सर्वात मोठे पाच आणि सर्वात छोटे पाच वेगवेगळे तोला. संख्या तीच, वजन वेगळं, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. तेच वीस दाणे रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा तोला. फरक वहीत लिहून घ्या आणि विचारा : वाढलेलं वजन कशाचं? दाणा वाढला की पाणी वाढलं? एखाद्या रुग्णाला रोज बारा ग्रॅम दाणेच द्यायचे असतील, तर तुम्ही केव्हा तोलाल?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात भांडण लागतं. लागू द्या. दोन्ही बाजूंनी कारणं सांगितली गेल्याशिवाय उत्तर फळ्यावर लिहू नका.